खर्ड्याचा धडा आणि वॉशिंग्टनची मर्जी

पहलगामच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच १८ जून २०२५ ला पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पंगतीला बसले. तेव्हापासून आपल्याकडे अमेरिकेवरून जो वाद पेटला आहे, तो विझायला तयार नाही. परभणी-नांदेडच्या चहाच्या हॉटेलांत, व्याख्यानमालेनंतरच्या प्रश्नोत्तरांत, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथं बघावं तिथं दोन तट पडलेले. एक तट म्हणतो, अमेरिका मुळातच दगाबाज, तिनं पुन्हा पाकिस्तानला मांडीवर घेतलं. दुसरा म्हणतो, अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपलंच परराष्ट्र धोरण तोंडावर आपटलं. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे: वॉशिंग्टनमध्ये आज पारडं कुणाचं जड, पाकिस्तानचं की आपलं?

ही मोजपट्टीच टाकून दिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बड्या सत्तेचं शेजारच्या दोन वैऱ्यांविषयीचं धोरण त्या दोघांच्या गुणदोषांवर ठरत नसतं. ते तिसऱ्याच कुठल्या तरी कामावरून ठरतं, आणि ते काम बदललं की धोरण बदलतं. त्यामुळे अमेरिका कुणाच्या बाजूची, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी ते चार-सहा वर्षांत शिळं होतं. विचारायचं ते वेगळंच आहे. उद्या अमेरिकेनं हात आखडता घेतला, तर आपलं नेमकं काय काय अडेल? आणि जे अडेल, ते अडू नये म्हणून आपण आज काय करतो आहोत?

हे समजून घ्यायला मराठवाड्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. बीड-धाराशिवच्या सीमेजवळ खर्डा आहे. मार्च १७९५ मध्ये तिथं मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निजाम अलीला खात्री होती की इंग्रज आपल्या मदतीला येतील. का नसावी? पाचच वर्षांपूर्वी, १७९० मध्ये, कंपनी, निजाम आणि पेशवे असे तिघे मिळून टिपूविरुद्ध एकत्र आले होते. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांना मराठ्यांशी वैर परवडणारं नव्हतं. त्यांनी तटस्थतेचं धोरण धरलं आणि निजामाला दौलताबादसह मोठा मुलूख आणि जबर खंडणी कबूल करावी लागली. आता पुढचं पाहा. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, टिपूची फ्रेंचांशी बोलणी चालू होती, आणि निजामाच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज होती. एवढं पुरलं. तीन वर्षांपूर्वी अंग चोरून घेणारी कंपनी आपण होऊन हैदराबादला आली, तैनाती फौजेचा तह केला आणि निजामाची संरक्षक झाली. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला पेशव्याशीही तसाच तह झाला, आणि पुढच्या सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या असईला त्याच कंपनीच्या तोफा शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालल्या. तेरा वर्षांत दोस्त, त्रयस्थ, संरक्षक आणि शत्रू, सगळी रूपं झाली. इंग्रज आपल्या बाजूचे की त्यांच्या, यावर पुण्यात आणि हैदराबादेत खल झालाच असेल. पण कलकत्त्यात बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे ना पुणं होतं ना हैदराबाद. पॅरिस होतं, श्रीरंगपट्टण होतं आणि कंपनीचा जमाखर्च होता.

निजामानं मात्र ही मैत्री मनापासून निभावली, आणि तिची किंमत कुणी मोजली हेही आपल्याच भागाला ठाऊक असायला हवं. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. त्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला धाराशिव हा मुलूख कंपनीकडे गेला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या पाठीशी राहिला म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड, म्हणजे कापसाचा खरा मुलूख, मिळाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं तो कायमच्या पट्ट्यानं घेतला. पहिल्या महायुद्धात निजामानं पैसा ओतला आणि बदल्यात ‘विश्वासू मित्र’ हा किताब पदरात पडला. त्याच विश्वासू मित्रानं वऱ्हाड मागितला, तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगनं त्याला सार्वभौम सत्ता कुणाची आहे याची आठवण करून दिली. आणि १९४७ ला तर लंडननं हातच वर केले. हैदराबादला स्वतंत्र डोमिनियन म्हणून जवळ करायला ब्रिटिश सरकार तयार नव्हतं. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकार सुरक्षा परिषदेचं दार ठोठावत होतं, आणि १७ सप्टेंबरला सगळं संपलं. १७ सप्टेंबर हा आपल्यासाठी मुक्तीचा दिवस आहे, रझाकारांपुढे न झुकलेल्या माणसांचा दिवस आहे, आणि तो तसाच राहावा. पण दीडशे वर्षं परक्याच्या फौजेवर राज्य तोलून धरणाऱ्या दरबाराचं काय झालं, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि तो आपण फारसा शिकवत नाही.

आता कंपनीच्या जागी अमेरिका ठेवा आणि १९५४ पासून मोजायला लागा. त्या वर्षी पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, मग सीटो, मग बगदाद करार, हे पाश्चात्त्य गोटाचे लष्करी गट. ही शस्त्रं भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत असं आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्रानं कळवलं होतं. १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला जे पॅटन रणगाडे आपल्या जवानांनी फोडले, ते त्याच मदतीतले. पण त्या युद्धात अमेरिकेनं शस्त्रपुरवठा थांबवला तो दोन्ही देशांचा, आणि त्याचा जास्त फटका बसला पाकिस्तानला, कारण त्यांची सगळी भिस्त अमेरिकी मालावर होती. १९७१ च्या युद्धात अमेरिकेची विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघाली, ती निक्सन यांना पाकिस्तानचे हुकूमशहा याह्या खान फार आवडत होते म्हणून? पाकिस्तानच्या मध्यस्थीनं त्याच जुलैत निक्सन यांचे सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते. काम चीनचं होतं. एप्रिल १९७९ मध्ये कार्टर यांनी अणुकार्यक्रमावरून पाकिस्तानची मदत तोडली. डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि तेच कार्टर ४० कोटी डॉलर घेऊन उभे राहिले. पाकिस्तानचे तेव्हाचे हुकूमशहा झिया यांनी ते धुडकावले आणि रेगन यांच्याकडून ३२० कोटी डॉलर आणि एफ-१६ विमानं मिळवली. रशियन परत गेले. ऑक्टोबर १९९० मध्ये तोच अणुकार्यक्रम अमेरिकेला पुन्हा दिसू लागला, मदत बंद झाली, आणि पाकिस्ताननं पैसे भरलेली विमानं वर्षानुवर्षं अमेरिकेच्या वाळवंटात उभी राहिली. २००१ नंतर पुन्हा डॉलरचा पूर, २०११ मध्ये ॲबटाबादेत लपलेला ओसामा बिन लादेन अमेरिकेनं मारला, २०१८ मध्ये ट्रम्प यांनीच पाकिस्तानला खोटारडं ठरवून मदत रोखली. आणि २०२५ मध्ये तेच ट्रम्प मुनीर यांना जेवू घालतात, कारण आता इराणच्या सीमेवरचा देश हवा आहे, खनिजांचे करार हवे आहेत आणि शांततेच्या नोबेलसाठी नाव सुचवणारं कुणीतरी हवं आहे.

या सगळ्यातून पाकिस्तानला मिळालं काय, हा प्रश्न आपल्या वादात कुणी विचारतच नाही. अमेरिकेनं सर्वाधिक लाड केले त्याच काळात तिथं लष्कराची पकड घट्ट झाली, घराघरात बंदूक आली, अफूचा व्यापार फोफावला, आणि जे अतिरेकी पोसले ते पुढे त्यांच्याच मशिदींत आणि शाळांत स्फोट करू लागले. मदत आली ती सेनापतींना आली. लाहोरच्या गिरणी कामगाराला किंवा सिंधच्या कूळ शेतकऱ्याला नाही. अशा मर्जीचा आपल्याला हेवा का वाटावा?

आता समोरच्यांच्या बाजूचं जे भक्कम आहे ते नीट ऐकून घेतलं पाहिजे. ते म्हणतात, अमेरिकेशी जवळीक ही नुसती मिठ्यांची गोष्ट नव्हती, तिनं भारताला ठोस काही मिळालं. हे खरं आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात चिनी फौजा उतरत असताना नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहिली आणि अमेरिकी विमानं सामान घेऊन आली. कारगिलच्या वेळी ४ जुलै १९९९ ला क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांना समोर बसवून सैन्य मागं घ्यायला लावलं. २००८ च्या अणुकरारानं पोखरणनंतरचं आपलं एकटेपण संपवलं. पाकिस्तान २०१८ ते २०२२ दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत राहिला, त्यात अमेरिकेचा वाटा होता. २६/११ च्या कटातला तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये आपल्या ताब्यात आला तो अमेरिकेतूनच. शिवाय आपल्या निर्यातीला अमेरिकेएवढं मोठं दुसरं गिऱ्हाईक नाही. अलिप्ततेच्या नावाखाली हे सगळं नाकारणं म्हणजे शहाणपण नव्हे, आणि अलिप्त राहूनही १९६२ ला आपण मदतीसाठी हात पसरलाच होता, हा टोमणाही मला मान्य आहे.

पण यातली एकेक मदत उचलून तिचं दुसरं टोक बघा. १९६२ च्या मदतीमागोमाग अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस दिल्लीत आले आणि काश्मीरवर पाकिस्तानशी बोला असा आग्रह धरून बसले. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यातल्या सहा फेऱ्या त्यातूनच झाल्या. कारगिलमध्ये क्लिंटन ठामपणे बोलू शकले, कारण वाजपेयी सरकारनं हवाई दलालाही नियंत्रण रेषा ओलांडू दिली नव्हती आणि आपले जवान एकेक शिखर जिंकत वर चालले होते. जमिनीवरची बाजू आपण आधीच राखली होती. अणुकरार झाला तो चीनच्या वाढत्या ताकदीपुढे वॉशिंग्टनला भारत हवा होता म्हणून, आणि मनमोहनसिंगांनी त्यासाठी सरकार पणाला लावलं म्हणून. म्हणजे जिथं जिथं मदत मिळाली तिथं आपलं आणि त्यांचं काम जुळत होतं. हे जुळणं वाढवावं, त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा. ते कायम राहील असं धरून घर बांधू नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. पहलगाममध्ये धर्म विचारून माणसं मारली गेली, आणि त्या देशाच्या सेनापतीचा असा सन्मान होतो, याची चीड येऊ नये का? यायलाच हवी. शस्त्रसंधीची घोषणा १० मे ला दिल्लीच्या आधी ट्रम्प यांच्याकडून ऐकावी लागली, तेव्हा मलाही संताप आला होता, आणि त्यात गैर काही नाही. पण संताप हे धोरण नव्हे. पहलगामच्या हल्ल्यामागच्या टीआरएफ या गटाला अमेरिकेनं जुलैत दहशतवादी संघटना ठरवलं, आणि ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के शुल्क बसवलं. एकाच पावसाळ्यातल्या या दोन गोष्टी. पहिलीवरून अमेरिका मित्र ठरवायची की दुसरीवरून शत्रू? दोन्ही एकाच देशानं आपापल्या कारणानं केल्या, हे पचवायची ताकद आपल्या चर्चेत आली पाहिजे.

काय अडतं, या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर भारतानं एकदा दिलेलं आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या, गव्हावर जगत होतो. लिंडन जॉन्सन यांनी तो गहू महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडायला सुरुवात केली. भारतानं शेती धोरण बदलावं आणि व्हिएतनामवर तोंड आवरावं, हा दबाव त्यामागं होता. तेव्हा दिल्लीत दोन वाटा होत्या. जॉन्सन पाकिस्तानकडे झुकलेत की आपल्याकडे यावर अग्रलेख लिहीत बसायचं, किंवा गहू पिकवायचा. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणं आणलं, आणि काही वर्षांतच अमेरिकी गव्हाची ती दोरी तुटली. यात अमेरिकी शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचा हात होता हेही सांगितलं पाहिजे. ज्या देशाच्या अध्यक्षानं नाक दाबलं, त्याच देशाच्या माणसानं बियाणं दिलं. मराठवाड्याला मात्र त्या गव्हाचा लगेच उपयोग झाला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या म्हाताऱ्या माणसांनी जी लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, खाल्ली, ती अमेरिकेतून आलेली. खडी फोडून आल्यावर त्या मिलोची भाकरी थापायची, तर तिला चिकटपणा नसे, तव्यावर टाकेपर्यंत कडा फाटत, आणि पोटात ती दगडासारखी बसे. ‘एंटरप्राइज’ येऊन गेल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. आरमारानं धमकावणारा आणि ज्वारी पाठवणारा देश एकच होता, आणि आपल्याला दोन्ही सोसावं लागलं, कारण कोठार रिकामं होतं.

आज कोठार भरलेलं आहे, पण अडण्याच्या जागा बदलल्या आहेत. आपल्या तेजस लढाऊ विमानांची इंजिनं अमेरिकेच्या जीई कंपनीकडून वेळेत आली नाहीत म्हणून विमानं रखडली. आणि कापसाचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क लागू होणार हे दिसताच कापड गिरण्यांना आधार म्हणून सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. तिरुपूर-सुरतच्या कामगारांची रोजी वाचवायला हवी होती, यात वाद नाही. पण तो निर्णय कुणाच्या वेचणीच्या दिवसांत आला? सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं बोंडं आधीच काळी पडलेली. त्या हंगामात मानवत किंवा सेलूच्या जिनिंगच्या आवारात उभं राहिलं की सगळं आंतरराष्ट्रीय राजकारण दिसत होतं. टेम्पोतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं जातं. आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदी केंद्र माल परत करतं. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर राहतो, आणि शेतकरी टेम्पो तसाच शेजारच्या व्यापाऱ्याकडे वळवतो. व्यापारी मूठभर कापूस उचलून सरकी दाताखाली फोडतो, आणि बाहेरून स्वस्त गाठी येताहेत हे त्याला माहीत असल्यानं भाव पाडून सांगतो. वॉशिंग्टनशी दिल्लीचं बिनसलं, त्याचा हप्ता त्या शेतकऱ्यानं भरला. त्याला या धोरणात कुणी विचारलं होतं का?

म्हणून मला मुनीर यांच्या भेटीपेक्षा फेब्रुवारी २०२६ चं दोन्ही देशांचं संयुक्त निवेदन जास्त महत्त्वाचं वाटतं. अंतरिम व्यापार कराराच्या त्या चौकटीत आपल्या मालावरचं शुल्क १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. ‘पाकिस्तानपेक्षा एक टक्का कमी’ म्हणून कुणी पेढे वाटले, कुणी शरणागती म्हणून छाती पिटली. आपण ज्या मालावरचं शुल्क कमी करणार किंवा काढणार, ती यादी मात्र फार थोड्यांनी वाचली. तिच्यात सोयाबीन तेल आहे, पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आहे, आणि डीडीजीएस आहे, म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा. कोंबडीखाद्यात हा चोथा सोयापेंडीची जागा घेतो. लातूरच्या बाजाराचा सगळा डोलारा सोयाबीनवर उभा आहे, आणि सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर असताना आपल्या शेतकऱ्यानं त्याहून बराच खाली माल विकला आहे, तो हा चोथा यायच्या आधी. इथंच साठच्या दशकातला गव्हाचा धडा आपण विसरलो. गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण आयात करतो, आणि ज्या भागात तेलबिया पिकतात तिथल्या माणसाला त्या पिकात टिकून राहावं असं वाटेल अशी परिस्थिती निर्माण करत नाही.

परराष्ट्र करारांना संसदेची मंजुरी लागतेच असा आपल्याकडे नियम नाही. तरीही अणुकरारावरून जुलै २००८ मध्ये लोकसभेत दोन दिवस चर्चा झाली आणि २७५ विरुद्ध २५६ अशा मतांनी सरकार तरलं. देशानं तो वाद ऐकला, बाजू घेतल्या. व्यापार करारावर तशी चर्चा का होऊ नये? पुढच्या अधिवेशनात लातूर, परभणी, जालना, बीडच्या खासदारांनी उभं राहून एवढं तरी विचारावं: डीडीजीएस किती टन येणार, त्याला मर्यादा आहे का, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपलं सोयाबीन बाजारात असताना, ते बंदरावर उतरणार का? कापसावरचं शुल्क पुन्हा काढायची वेळ आली, तर वेचणीच्या महिन्यांत भावातला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर कोण भरणार, आणि किती दिवसांत?